ठाण्यात मुक्काम, अडीच दिवस आणि फक्त रेल्वे: आखणी कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं कुटुंब डिसेंबरात शुक्रवार ते रविवार ठाण्यात नातेवाइकांकडे येणार आहे. बरोबर दहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीचे वडील. वडिलांचे गुडघे दुखतात. मुलाला रेल्वेचं वेड, घरी खेळण्यातल्या रेल्वेचा एचओ मापाचा (खऱ्याच्या १:८७) छोटा सेट आहे. सीएसएमटीचं म्युझियम, माथेरानची गाडी, पुण्याचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आणि नवी मुंबईची मेट्रो, हे सगळं बसेल का? आणि मुलाला सेटसाठी काही शिकता येईल का?

सगळं बसणार नाही. पुणे या वेळी सोडा, बाकीचं नीट बसतं. रेल्वेची सहल बिघडते ती ठिकाणं कमी पडल्यामुळे नव्हे, वेळा चुकल्यामुळे. म्हणून आधी प्रत्येक दिवसाची एकच वेळेला बांधलेली गोष्ट ठरवा आणि बाकीचं तिच्या आजूबाजूला लावा. शुक्रवारी ती गोष्ट म्हणजे सीएसएमटीचं म्युझियम, शनिवारी माथेरानची सकाळची गाडी आणि रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद ठेवणं, सुरू होण्याची वेळ.

तुमची सहल मात्र ठाण्याला पोचण्याआधीच सुरू होते, कारण तुम्ही थळ घाटातून, म्हणजे सगळे ज्याला कसारा घाट म्हणतात त्यातून उतरणार आहात. हा घाट १८६५ साली सुरू झाला आणि त्याचा चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर उंची. सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने निघालात तर इगतपुरी ते कसारा हा टप्पा चांगल्या उजेडात मिळतो. या उतारावर गाडी मध्येच, स्टेशन नसताना, पूर्ण थांबते. लोक वैतागतात, पण मुलाला नेमकं तेच दाखवा. उतारावर कॅच सायडिंग असते, म्हणजे मुख्य मार्गापासून फुटून वर चढत जाणारा, वाळू घातलेला आंधळा रूळ. सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा जोड, एरवी त्या सायडिंगकडेच लावलेला असतो. गाडी त्याच्या आधी थांबते, ठरलेला वेळ जातो, गाडी ताब्यात आहे हे सिद्ध होतं, आणि मगच सांधा मुख्य मार्गाकडे फिरून सिग्नल मिळतो. ब्रेक गेलेली गाडी थांबणारच नाही, ती सरळ सायडिंगवर चढून वाळूत रुतेल. दीडशे वर्षांपूर्वीच्या घाटात ही साधी युक्ती अजून चालू आहे. मुलाला हेही सांगा की इथे घाट चढणारी गाडी ‘डाऊन’ आणि उतरणारी ‘अप’ असते, कारण मोजणी मुंबईपासून होते.

शुक्रवार

ठाण्यात दहाच्या सुमाराला उतरा, सामान टाका, वडिलांना तासभर पाठ टेकू द्या. बारानंतर सीएसएमटीकडे निघा. तोवर सकाळची गर्दी ओसरलेली असते. ठाण्याहून सीएसएमटीकडे साडेसात ते साडेदहा आणि उलट दिशेने संध्याकाळी साडेपाच ते नऊ, या वेळांत दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला लोकलमध्ये चढवू नका.

ठाण्यातून निघताना एवढं सांगून ठेवा: १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून, म्हणजे आजच्या सीएसएमटीच्या जागेहून, निघून इथेच आली. ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. त्या मागे नाना शंकरशेट यांची खटपट होती. तुम्ही त्याच मार्गाने उलटे जाताय. पुढच्याच वर्षी रेल्वे खाडी ओलांडून कल्याणला पोचली, म्हणजे सकाळी तुम्ही आलात तो मार्ग.

तिकिटाबाबत एक बारीक अडचण नेहमी येते. मोबाइलवरचं लोकलचं तिकीट फलाटावर उभं राहून निघत नाही. ॲप तुमची जागा बघतं आणि रुळांच्या फार जवळ असलात तर नकार देतं. घरून निघतानाच काढा, किंवा स्टेशनवर लावलेला क्यूआर कोड स्कॅन करून काढा. अडीच दिवसांत लोकलने बरंच फिरणार असाल तर खिडकीवर टुरिस्ट तिकीट मागा. ते १, ३ किंवा ५ दिवसांचं मिळतं आणि मध्य, हार्बर, पश्चिम अशा उपनगरी मार्गांवर चालतं. माथेरानची गाडी आणि मेट्रो त्यात धरलेली नाही. नुसतं फलाटावर उभं राहून गाड्या बघायच्या असतील तर फलाट तिकीट १० रुपयांचं, दोन तासांचं असतं.

जाताना जलद लोकल घ्या आणि भायखळ्याला उतरा. जलद गाड्या तिथे थांबतात. भायखळ्याची दगडी इमारत देशातल्या अजून वापरात असलेल्या सर्वांत जुन्या स्टेशन इमारतींपैकी आहे. तिचा जीर्णोद्धार झाला आणि त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. पंधरा-वीस मिनिटं पुरेत. तिथून धीमी लोकल धरलीत तर वाटेत सँडहर्स्ट रोड लागतं. त्या स्टेशनच्या डोक्यावरून हार्बर मार्ग जातो. उतरू नका, पण दारापासून थोडं आत उभं राहून खालच्या फलाटावरचे लोखंडी खांब बघा. त्यांवर जीआयपीआर आणि १९२१ अशी ओतीव अक्षरं आहेत. रंगाचे इतके थर चढलेत की अक्षरांच्या कडा बोथट झाल्यात, तरी वाचता येतात. जीआयपीआर म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज.

सीएसएमटीचं हेरिटेज म्युझियम शनिवार-रविवारी बघायला मिळत नाही, आणि बहुतेक सहली इथेच फसतात. ते कामाच्या दिवशी, दुपारी ३ ते ५ या वेळात, वेगळं तिकीट काढून आणि गाईडबरोबर बघायचं असतं. म्हणूनच शुक्रवार. सुट्टी आली तर तेही बंद, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी खात्री करून घ्या. अडीचला पोचा. इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची. काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि पुरं व्हायला दहा वर्षं लागली. २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आतला घुमटाखालचा जिना बघायचा तर हाच मार्ग, एरवी त्या भागात रेल्वेची कार्यालयं आहेत. बाहेरच्या फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ आहे, ते मुलाला शोधायला लावा. इमारतीचा बाहेरचा भाग फिरताना ऊन लागतं. वडिलांना त्या वेळात स्टार चेंबरमध्ये, म्हणजे कमानींखालच्या जुन्या तिकीटघरात बसू द्या.

म्युझियमनंतर १८ नंबर फलाटाच्या बाजूला, पी. डिमेलो रोडकडे असलेल्या हेरिटेज गल्लीत जा. तिथलं जुनं विजेचं इंजिन हे माझ्या मते मुंबईतलं सर्वांत शिकवणारं प्रदर्शन आहे. प्रकार ईएफ/१, नंतर ज्याला डब्ल्यूसीजी-१ म्हटलं गेलं. मधे चालकाची खोली, दोन्हीकडे लांब नाक. जगभर या बांधणीला ‘क्रोकोडाइल’ म्हणतात, पण आपल्याकडच्या चालकांनी त्याला ‘खेकडा’ नाव दिलं होतं, त्याच्या विचित्र आवाजामुळे. मुलाला चाकांजवळ नेऊन दाखवा: विजेचं इंजिन असूनही चाकं एकमेकांना दांड्यांनी जोडलेली आहेत, वाफेच्या इंजिनासारखी. आजच्या इंजिनात प्रत्येक धुरीला, म्हणजे चाकांच्या आसाला, स्वतंत्र मोटर असते. त्या काळच्या मोटरी इतक्या मोठ्या होत्या की त्या वर, सांगाड्यात ठेवाव्या लागत आणि ताकद दांड्यांनी चाकांपर्यंत पोचवावी लागे. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी हार्बर मार्गाने धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. तो डीसी पुढे जवळपास ९० वर्षं टिकला. आता सगळीकडे २५ हजार व्होल्ट एसी आहे.

पाच वाजता सुटलात की समोर संध्याकाळची गर्दी असेल. घाई करू नका. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो, इमारतीवर दिवे लागतात, ते बघा, तिथेच खाऊन घ्या आणि साडेआठनंतर सीएसएमटीहूनच सुटणारी धीमी ठाणे लोकल धरा. कल्याण-कर्जतची जलद लोकल ठाण्याला लवकर पोचवते, पण तिच्यात बसायला मिळणं आणि ठाण्याला उतरणं, दोन्ही अवघड. इंडिकेटरवर ‘ठाणे’ आणि ‘धीमी’ बघा, भरलेली गाडी सोडा, पुढच्या रिकाम्या गाडीत आधी चढा. वातानुकूलित (एसी) लोकल सोयीची असते, पण तिचं तिकीट वेगळं.

शनिवार, माथेरान

नेरळ-माथेरान रेल्वे २ फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटर रुंदीची. आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती बांधली. काम १९०४ ला सुरू, गाडी १९०७ ला. नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटर, माथेरान ८०० च्या आसपास, अंतर जेमतेम २१ किलोमीटर. सरासरी काढली तरी १:२८ चा चढ येतो आणि काही ठिकाणी तो १:२० पर्यंत जातो. म्हणजे काल तुम्ही उतरलात त्या कसारा घाटात, जिथे चढणाऱ्या मोठ्या गाड्यांना मागून इंजिनं लावावी लागतात, त्याच्या जवळजवळ दुप्पट तीव्र. अरुंद रूळ घेण्याचं कारण पैसा आणि वळणं. रूळ जितके जवळ तितकं वळण आवळता येतं, आणि डोंगराचा प्रत्येक पदर वळसा घालून पार करता आला की पूल-बोगदे वाचतात. एवढ्या मार्गात बोगदा एकच आहे, ‘वन किस टनेल’, आणि तो नावाप्रमाणेच क्षणात संपतो.

ठाण्याहून कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळला सव्वा तासाच्या आत-बाहेर लागतो. सकाळी वर जाणाऱ्या गाड्या मोजक्याच आणि त्या साधारण नऊ ते साडेदहाच्या दरम्यान सुटतात. तिकीट नेरळच्या खिडकीवर, गाडी सुटण्याच्या थोडं आधी मिळतं. डबे लहान, जागा मोजक्या, शनिवार-रविवारी रांग लांब. म्हणून ठाण्याहून सहाच्या आसपासची लोकल धरा, नेरळला साडेसातपर्यंत पोचा, एकाने लगेच रांगेत उभं राहा आणि दुसऱ्याने वडिलांना बसवून चहा-वडापाव आणावा. रांगेत उभं राहताना कोणत्या गाडीची रांग आहे ते विचारा. पहिल्या गाडीची तिकिटं संपल्यावर तीच रांग पुढच्या गाडीसाठी धरतात की नवी लागते, हे त्या दिवशीच्या व्यवस्थेवर असतं, आणि इथेच लोकांचा तासभर वाया जातो.

तिकीट मिळालं नाही तर घरी परतू नका. नेरळहून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्याला जा. गाड्या तिथवरच जातात, पुढे माथेरानात वाहनबंदी आहे. दस्तुरीपासून अमन लॉज स्टेशन चालत जवळ आहे आणि तिथून माथेरानपर्यंत शटल धावते. अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास, वेळ वीस मिनिटं. रूळ तेच, डबे तेच, जंगल तेच. घाट मात्र हुकतो. (पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत बंदच असतो आणि फक्त शटल चालते. डिसेंबरात तो प्रश्न नाही.)

एकाच बाजूचं तिकीट मिळणार असेल तर चढतानाचं घ्या. पावणेतीन तासांच्या आसपासचा प्रवास आहे. सकाळी मुलगा ताजा असतो आणि चढावर इंजिनाचा आवाज खरा कळतो. उतरताना शटल आणि टॅक्सी करा. वरून खाली येणाऱ्या गाड्या दुपारीच संपतात, त्यामुळे ‘सूर्यास्त बघून गाडीने उतरू’ हा बेत जमत नाही.

गाडीत काय बघायचं: जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान अशी स्टेशनं. वळणावर गाडीचं दुसरं टोक खिडकीतून पूर्ण दिसतं. आवळलेल्या वळणांवर आतल्या रुळाला चिकटून आणखी एक रूळ बसवलेला दिसेल, तो चेक रेल. चाकाची कड वळणावर रुळावरून वर चढू नये म्हणून तो चाकाला आतून धरून ठेवतो. तिथून जाताना धातू धातूवर घासल्याचा किरकिरणारा आवाज येतो, तो ऐकवा. जुनी वाफेची इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलची होती. त्यांना सहा चाकं, पण पहिली आणि शेवटची धुरी ‘क्लीन-लिंडनर’ पद्धतीची, म्हणजे पोकळ आणि बाजूला सरकू शकणारी. सगळ्या धुऱ्या ताठ असत्या तर ती इंजिनं या वळणांवर रुळाबाहेर गेली असती. पूर्वी प्रत्येक डब्यावर एक ब्रेकमन बसायचा आणि चालकाच्या शिट्टीवर हाताने ब्रेक लावायचा. आता एअर ब्रेक आहेत.

वडिलांसाठी माथेरान स्टेशन बाजारात आहे हे सोयीचं. पॉइंट बघण्याचा हट्ट करू नका. तांबड्या मातीची वाट चढ-उताराची आहे आणि गुडघे उतारावर जास्त दुखतात. मुलाला घेऊन एकाने जवळचा एखादा पॉइंट करावा, वडिलांनी स्टेशनवर बसून गाड्यांचं शंटिंग, म्हणजे इंजिनं-डबे इकडून तिकडे हलवणं, बघावं. तेही बघण्यासारखं असतं.

पुणे का सोडायचं

जोशींचं म्युझियम फार चांगलं आहे. कोथरूडमध्ये, १ एप्रिल १९९८ पासून चालू आहे, भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभर हाताने बनवलेल्या प्रतिकृतींचं. गाड्या, सिग्नल, पूल, दिवे, सगळं एका मांडणीत एकत्र चालतं आणि तो खेळ अर्ध्या तासाच्या आसपास असतो. पण ठाण्याहून जाऊन-येऊन सात-आठ तास प्रवासात जातील आणि माथेरान बुडेल. नाशिकहून पुणे तुम्हाला थेट गाठता येतं, ठाण्यावरून वळसा कशाला? तरीही जायचंच असेल तर माथेरानच्या जागी, शनिवारी, सकाळच्या डेक्कन एक्स्प्रेसने जा. ती ठाण्याला थांबते आणि तिला मोठ्या काचांचा व्हिस्टाडोम डबा आहे. कर्जतला मागे इंजिनं लागतात, तेवढ्यात फलाटावरचा दिवाडकरांचा वडा घ्या, आणि पुढे बोर घाट, तोही १:३७ चाच, १८६३ चा. रविवार सकाळ मात्र धरू नका. म्युझियमच्या शनिवार-रविवारच्या वेळा इतर दिवसांपेक्षा वेगळ्या असतात, फोन करून मगच तिकीट काढा.

रविवार, ब्लॉकच्या आधी

रविवारी मध्य आणि हार्बर मार्गांवर मेगाब्लॉक असतो, साधारण साडेदहा-अकरा ते चार-साडेचार. कधी मुख्य मार्गावर माटुंगा-मुलुंड, कधी ठाणे-कल्याण, कधी हार्बरवर पनवेल-वाशी. हार्बरवर असला तर ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून वाशी-नेरूळ-पनवेलच्या गाड्याही बऱ्याचदा बंद किंवा कमी होतात. ब्लॉकचं वेळापत्रक आदल्या एक-दोन दिवसांत जाहीर होतं, शनिवारी रात्री वर्तमानपत्रात किंवा रेल्वेच्या अधिकृत खात्यावर बघा. ‘ब्लॉक नाही’ असं समजून निघालात तर नेरूळला दीड तास अडकून पडाल.

म्हणून साडेसहा-सातला निघा. ठाण्याच्या ९ आणि १० नंबर फलाटांवरून ट्रान्स-हार्बर सुटते. ठाणे-वाशी मार्ग २००४ पासून प्रवाशांसाठी सुरू आहे. नेरूळला उतरून उरण लोकल धरा. उरणपर्यंतचा मार्ग जानेवारी २०२४ मध्ये पुरा झाला. इथे गाड्या विरळ, तासाला एकच्या आसपास, तेव्हा उरणच्या गाडीची वेळ आधी बघा आणि ठाण्याची लोकल त्यावरून ठरवा. खारकोपर ओलांडलं की खाजण, तिवरं आणि मिठागरांचा मोकळा पट्टा लागतो, आणि न्हावा-शेवाच्या बाजूला बंदराच्या कंटेनर गाड्या उभ्या दिसतात. डिसेंबरच्या सकाळी हा उजेड फार सुंदर असतो. उरणला उतरून लगेच तीच गाडी परत धरा. हुकली तर तासभर बसावं लागेल.

परतताना बेलापूर. नवी मुंबईची ही स्टेशनं सिडकोने बांधलेली आहेत, वर कार्यालयांच्या इमारती आणि खाली फलाट. मुंबईतल्या स्टेशनांशी ती मुलाला शेजारी ठेवून बघायला सांगा: रुंद फलाट, उंच छत, आणि तिकीटघर रुळांच्या पातळीखाली. बेलापूर स्टेशनला लागूनच मेट्रोचं टर्मिनल आहे. मेट्रोची १ नंबर मार्गिका बेलापूर ते पेंधर, ११ किलोमीटर, ११ स्थानकं, १७ नोव्हेंबर २०२३ पासून. लिफ्ट आणि सरकते जिने असल्याने वडिलांना या दिवशीचा हा सर्वांत सोपा भाग. मेगाब्लॉकचा मेट्रोशी संबंध नाही, त्यामुळे ती शेवटी ठेवा. एक फेरी करून साडेअकराला बेलापूरला परत आलात आणि ट्रान्स-हार्बर बंद असेल तर बस किंवा टॅक्सीने ठाणे गाठा. त्याचे पैसे बाजूला धरूनच निघा.

दिव्याला किंवा कळव्याला उतरून गाड्या बघा असं सुचवणारे भेटतील. दिवा जंक्शन म्हणून महत्त्वाचं आहे, पण म्हातारं माणूस आणि मूल घेऊन तिथल्या गर्दीत उतरू नका. ठाण्याच्या पादचारी पुलावरून अर्ध्या तासात तेवढंच दिसतं. पारसिकचा बोगदा १९१६ चा, १.३ किलोमीटर लांब. पूर्वी जलद लोकल त्यातून जायच्या. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाल्यावर तो लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. तुमची परतीची नाशिकची गाडी त्यातूनच जाण्याची शक्यता जास्त, कळवा गेलं की मुलाला तयार ठेवा.

फोटोंबद्दल: फोनने, फलाटावर, पिवळ्या पट्टीच्या आत राहून काढा. तिवई, ड्रोन किंवा मोठा कॅमेरा असेल तर परवानगी लागते. रुळांवर उतरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलाला हे सहलीच्या आधी सांगा, रुळाजवळ गेल्यावर नको.

मुलाच्या सेटसाठी

एक वही, एक पट्टी आणि हे आकडे बरोबर असू द्या. एचओ म्हणजे १:८७. खरं माप मिलिमीटरमध्ये घ्यायचं आणि ८७ ने भागायचं.

पहिली गोष्ट जी मुलाला खटकेल ती रुळांची रुंदी. एचओचा रूळ १६.५ मिलिमीटर, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गावरून घेतलाय. आपला ब्रॉडगेज १६७६. भागिले ८७ केलं तर १९.३ यायला हवेत. म्हणून आपल्या लोकलचा डबा बरोबर मापात बनवला तरी एचओच्या रुळावर तो अरुंद पायांवर उभा असल्यासारखा दिसतो. हा दोष नव्हे, तडजोड आहे. रूळ विकतचाच वापरा. हाताने १९.३ चा रूळ टाकायला गेलात तर सांधे, चाकं, धुऱ्या सगळंच नव्याने बनवावं लागेल.

लोकलचा डबा सुमारे २०.७ मीटरचा, एचओमध्ये २३८ मिलिमीटर. बारा डब्यांची गाडी जोडांसकट जवळजवळ ३ मीटर होते. घरच्या टेबलावर ती मावत नाही, तीन किंवा चार डबेच घ्या. सेटबरोबर येणारं सर्वांत आवळलेलं वळण बहुधा ३६० मिलिमीटर त्रिज्येचं असतं. लांब डबा त्यावर टोकांनी बाहेर झुकतो आणि शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासतो. लांब डबे चालवायचे तर ४५० च्या खाली जाऊ नका.

स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, मोजायला लावा. मुख्य मार्गावर किलोमीटरला १६६० च्या आसपास स्लीपर असतात, म्हणजे दोन स्लीपरांत ६० सेंटिमीटर, एचओमध्ये ७ मिलिमीटर. याचा उपयोग असा: फोटोत स्लीपर दिसले की बाजूच्या खांबाचं, फलाटाच्या कडेचं अंतर घरी बसून काढता येतं, रुळांवर न उतरता. फलाटाची उंची रुळापासून ८४० मिलिमीटर धरली तर ९.७ येते. विजेची तार साधारण साडेपाच मीटरवर, म्हणजे ६३.

आता घाट. गाडीवरून पूल न्यायचा तर पुलाच्या जाडीसकट ७५ मिलिमीटर तरी उंची हवी. कसाऱ्याच्या १:३७ ने चढायचं तर त्यासाठी २७७५ मिलिमीटर लांबी लागेल, जवळजवळ २.८ मीटर. माथेरानच्या १:२० ने दीड मीटरमध्ये होतं, पण लहान इंजिन तिथे दोन डब्यांवर घसरू लागतं, आणि चढ वळणावर असेल तर त्याहून लवकर. चढ एकदम सुरू करू नका. सपाट रूळ आणि चढ यांच्यामध्ये निदान एक-दोन रूळ-तुकड्यांवर उंची हळूहळू वाढवा, नाहीतर तिथे दोन डब्यांचे हूक वर-खाली होऊन सुटतात. बहुतेक मुलांच्या घाटात गाडी तुटते ती याच जागी, आणि दोष मात्र हुकाला दिला जातो.

मागून दुसरं इंजिन लावून बघायचा मोह होईल. डीसी सेटवर दोन्ही इंजिनं एकाच वेगाने धावत नाहीत. मागचं जलद असेल तर ते मधले हलके डबे वळणावर बाहेर ढकलतं. आधी दोन्ही इंजिनं सुटी, अर्ध्या मीटर अंतराने, एकाच रुळावर चालवून बघा. अंतर झपाट्याने घटत असेल तर ती जोडी लावू नका. डब्यांत थोडं वजन घाला, सगळ्यांत सारखं.

माथेरान बनवायचं असेल तर ६१० भागिले ८७ म्हणजे ७ मिलिमीटर. असा रूळ सहज मिळत नाही. एन मापाचा (एचओहून लहान) ९ मिलिमीटरचा रूळ घ्या आणि डबे १:७६ ने बनवा. तेव्हा ९ म्हणजे ६८४ होतात, डोळ्यांना पटेल इतकं जवळ. एनचं इंजिन आतलं यंत्र म्हणून वापरा आणि वर पुठ्ठ्याचा सांगाडा चढवा. या सहलीत डब्याची लांबी पावलांनी मोजून, खिडक्या मोजून, बाजूने सरळ एक फोटो काढून आणलात तर पुरेसं आहे.

परतीची गाडी अशी निवडा की कसारा उजेडात मिळेल. संध्याकाळची पंचवटी सोयीची, पण डिसेंबरात ती घाटात पोचेपर्यंत काळोख होतो. ठाण्याहून दुपारी तीनपर्यंत सुटणारी गाडी बघा, ब्लॉकमुळे उशीर होऊ शकतो तेव्हा अर्धा-पाऊण तास आधी फलाटावर या, आणि आरक्षण करताना डबा गाडीच्या मागच्या टोकाजवळचा मिळतो का पाहा. कसाऱ्याला गाडी काही मिनिटं थांबते. खाली उतरू नका, दारातही लटकू नका, खिडकीतून मागे बघा. बँकर, म्हणजे चढावर मागून ढकलणारी इंजिनं, मागून हळू येऊन टेकतात, एक हलकासा धक्का बसतो, हूक आणि हवेचा पाइप जोडला जातो, मग पुढच्या आणि मागच्या चालकांमध्ये शिट्ट्यांची देवाणघेवाण होते. सगळी ताकद पुढून लावली तर पहिल्या डब्याच्या हुकावर पूर्ण गाडीचा ताण येतो. मागून ढकललं की तो ताण वाटला जातो, आणि मध्ये कुठे हूक तुटलाच तर मागचे डबे घरंगळत नाहीत. काही गाड्यांना दोन्ही टोकांना इंजिन असतं, त्यांना बँकर लागत नाही. ठाण्याला गाडी येताना शेवटच्या डब्यामागे इंजिन आहे का ते बघून घ्या. बँकर लागले असतील तर ते इगतपुरीला सुटतात. तिथेही खिडकी सोडू नका.